छतावरचं ऊन

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणाच्या तरी बरगड्या नीरजाकडे बघत होत्या. सकाळचे साडेआठ होत आले होते. फेब्रुवारीतलं दिल्लीकडचं ऊन म्हणजे उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखं, बसतो म्हणत नाही आणि निघतो म्हणत नाही. त्या उन्हात, कागदी पेल्यातला चहा दोन्ही हातांत धरून, आपण बांधलेली इमारत खालून वर न्याहाळावी एवढ्याचसाठी ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली होती. लेकीला सासरी पाठवताना आई जशी शेवटची एकदा निरी नीट करते तशी तिची नजर मजल्यामागून मजला चढत गेली, आणि तिसऱ्यावर अडखळली. खिडकीच्या वरच्या काचेत बरगड्या. शेजारच्या काचेत गुडघा. मग पाच बोटं ताठ उघडलेला एक हात, मग जबड्याचं अर्धवर्तुळ, मग नुसताच पाठीचा कणा, उसाच्या कांड्यासारखा. पूर्वेपासून पार जिन्यापर्यंत, एका रांगेत, सगळ्या वरच्या काचांवर एक्स-रेच्या फिल्म चिकटवलेल्या होत्या. चहाचा घोट तिच्या तोंडात तसाच राहिला. त्या काचांवर कुणाला काहीही लावता येऊ नये म्हणून तिनं किती जिवाचं रान केलं होतं. पडद्याची दांडी नाही, आकडा नाही, खिळा ठोकायला लाकूड नाही. माणसाला उजेड दिला की तो आधी पडदा शोधतो, असं ती भाषणांत सांगायची आणि लोक हसायचे. आणि आजच, अकरा वाजता, इमारतीला पर्यावरणाची श्रेणी देणारे परीक्षक येणार होते.

इमारत विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजची होती, पाच मजली, दोनशे खाटांची. ग्रेटर नोएडाच्या पुढं, जिथं उंच टॉवरांच्या मधे एखादं मोहरीचं शेत विसरून राहिल्यासारखं पिवळं दिसतं, तिथं. तिच्या विटा औष्णिक केंद्राच्या राखेच्या होत्या. हात धुतल्याचं पाणी गाळून कडुनिंबांना जात होतं. गच्चीवर सौर पत्रे, आणि अंगणाखालून दीड माणूस खोल पुरलेल्या नळ्या, की जूनमधली लूसुद्धा त्या नळ्यांतून येता येता मातीशी चार गोष्टी बोलावी आणि निवून वर यावी. नीरजाला या इमारतीची प्रत्येक गोष्ट जात्यावरच्या गाण्यासारखी पाठ होती. पण तिचा जीव होता तो खिडकीत. साडेसहा फुटांवर एक आडवी फळी, फळीच्या पाठीवर आरशासारखा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. ऊन यायचं, फळीवर आपटायचं, उसळून छतावर जायचं आणि तिथून सगळ्या वॉर्डावर सांडायचं. दिवसा एकही दिवा लावायला नको. विद्यापीठाच्या आवारात अशाच आणखी तीन इमारती व्हायच्या होत्या, नर्सिंगची, दातांची आणि मुलांचं हॉस्पिटल. नकाशे तिचेच. खिडकी हीच. कमिटीनं एवढंच म्हटलं होतं, पहिलीला टॉप रेटिंग मिळू द्या, मग पुढच्या तिन्हींचं काम त्याच दिवशी सुरू.

लिफ्टकडं न जाता ती जिन्यानं निघाली. पायऱ्या चढताना नेहमी येते तीच आठवण आली, आता बोलून बोलून गुळगुळीत झालेली, खिशातल्या गोट्यासारखी. शहाण्णव सालचा मे महिना. बाबा सरकारी नोकरीत, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर, आणि आईचा मणका सरकलेला. सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात आई एकवीस दिवस पाठीवर सरळ पडून होती. सोळा वर्षांची नीरजा अकरावीची पुस्तकं घेऊन शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसायची. वॉर्डाला खिडक्या होत्या, पण कुलर बसवायला त्यांच्यावर प्लायवूड ठोकलेलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन रणरणतंय आणि आत विहिरीच्या तळासारखा काळोख, एक ट्यूब तेवढी जळतेय. तिथंच मी ठरवलं, ती भाषणात सांगायची, की आपण अशी हॉस्पिटलं बांधायची जिथं ऊन पेशंटला भेटायला येईल. टाळ्या पडायच्या. खोटं त्यात काही नव्हतं. पण एखादी साडी फार वेळा इस्त्री केली की तिचं सूत झिजतं, तसं त्या गोष्टीचं झालं होतं, हे तिला स्वतःला अधूनमधून जाणवायचं आणि ती पुढच्या स्लाइडकडं वळायची.

वॉर्डात शिरताच तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर ते हे की इथं कुणीतरी झोपलेलं आहे. आवाज नव्हता असं नाही. ट्रॉलीची चाकं, कुठलासा मोबाइल, नळ. पण वॉर्डाचा श्वास संथ होता. फिल्ममधून येणारा उजेड निळसर, करडा, ढगाळ सकाळीसारखा सगळ्या खाटांवर पसरलेला. जमिनीवर एका हाडाची फिकट सावली पडली होती. हा तिचा वॉर्ड नव्हता. तिच्या नकाशात, तिच्या फोटोंत हा वॉर्ड दुधात बुडवून काढल्यासारखा पांढरा असायचा.

"मॅडमजी, आप आज इतनी जल्दी?" इनचार्ज सिस्टर ओमवती टेबलामागून उठली. सोनीपतकडची, पन्नाशीची, कमरेवर हात ठेवून उभी राहिली की दरवाजाच भरून टाकणारी बाई.

"ये किसने लगाया?"

"मैंने जी. अपने हाथ से. वो वाली टेप से, जो पट्टी पे लगती है. निशान नहीं छोड़ती."

"सिस्टर, आज इन्स्पेक्शन आहे... आज इंस्पेक्शन है. आपको पता था."

"पता तो था." ओमवतीनं एकदा काचांकडं पाहिलं, एकदा खाटांकडं. "पर हमने तो मरीज देखा जी. आपका शीशा नहीं देखा."

नीरजानं रागावायचं ठरवलं, तेवढ्यात फोन वाजला. पुष्कर. तिचा भागीदार, मूळचा पुण्याचा, बारा वर्षं गुडगावात राहूनही हिंदीत 'मी' म्हणजे 'हम' की 'मैं' यावर अडणारा. त्याचा आवाज फोनमधून नेहमीच स्पीकर लावल्यासारखा यायचा. "नीरजा, परीक्षक तनेजा परी चौकात पोचलेत. नाश्ता करतायत. अकराचं साडेदहासुद्धा होऊ शकतं. मी पंधरा मिनिटांत गेटवर. सगळं ओके?"

"तिसऱ्या मजल्यावर वरच्या काचांवर एक्स-रे चिकटवलेत. सगळ्या. बिल्कुल एकूण एक."

"कुणी?"

"सिस्टरनी."

"मग काढ की. हाउसकीपिंगची दोन माणसं घे, दहा मिनिटांचं काम. तनेजा गेले की परत लावा म्हणावं. हवं तर आख्खा सांगाडा टांगा म्हणावं. आज मात्र उजेडाचा आकडा तीनशेच्या वर आला पाहिजे, यार. दोन पॉइंट आहेत त्याचे आणि आपण काठावर आहोत."

"काढतेच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"पुण्याचा दिसतो," चौदा नंबरच्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं. मराठीत.

नीरजा वळली. खाटेवर एक म्हातारी बाई उताणी पडलेली होती. पाय उंच बांधलेला, त्याला वजन लटकवलेलं, पांढरे केस उशीवर नीट विंचरून पसरलेले. मान तिनं हलवली नाही. छताकडं बघतच बोलत होती, जशी काही छतालाच ओळख विचारावी. "म्हणावं, म्हणावं करतोय म्हणून म्हटलं. आणि तू इथली. 'बिल्कुल' म्हणालीस."

"हो. म्हणजे जन्मच इथला. लक्ष्मीबाई नगर. काकू, तुम्ही..."

"काकू नको. बाई म्हण. छत्तीस वर्षं इथल्या मराठी शाळेत भूगोल शिकवला, सगळ्या दिल्लीनं बाईच म्हटलंय. कुमुदिनी. लेक इथं शेजारच्या सेक्टरात राहते, तिच्याकडे आले आणि दुधाच्या बूथपाशी पाय घसरला. खुबा गेला." ती थांबली. "तू कोण?"

"नीरजा. ही बिल्डिंग मी डिझाइन केलीय."

"अच्छा. म्हणजे तू ती." बाईंच्या आवाजात राग नव्हता. वर्गात उशिरा आलेल्या हुशार मुलीकडं बघावं तसं काहीतरी होतं. "अठरा दिवस तुझी वाट बघतेय मी. ये, बैस."

नीरजा बसली नाही. घड्याळात नऊला पाच कमी होते. पण पाय हलला नाही हेही खरं.

"बिल्डिंग छान आहे तुझी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. हॉस्पिटलला वास नाही म्हणजे केवढी गोष्ट. वारा खेळता आहे. संडासात पाणी आहे. रात्री ते नळीतून हवा येते ना, माहेरच्या अंगणासारखी येते. पण मला एक सांग बाळा, तू इथं कधी आडवी झालीस का?"

प्रश्न इतका साधा होता की नीरजाला आधी हसू आलं. मग तिनं मनातल्या मनात मोजलं. चार वर्षं. या वॉर्डात ती हेल्मेट घालून आली होती, उंच शिडीवर चढली होती, रंगाचे चौदा नमुने भिंतीला लावून लांबून डोळे बारीक करून बघितले होते, गवंड्यांबरोबर जमिनीवर बसून समोसे खाल्ले होते. "नाही," ती म्हणाली.

"तेच म्हटलं मी ओमवतीला. बाई हुशार आहे, नुसती उभी आहे." बाईंनी छताकडं बोट केलं. "सात वीसला नऊ नंबरच्या खाटेवर येतो. माझ्याकडे साडेआठला. पंधरा नंबरला नऊ. साडेनऊला सोळा नंबर सोडतो आणि मग सुटका. पहिल्या दिवशी मला वाटलं भूलच उतरली नाही."

"कोण येतो? सनस्पॉट?"

"स्पॉट काय. कवडसा म्हण. विसरलीस ना? दिल्लीची पोरं. कवडसा खरं तर गोड असतो गं, जमिनीवर पडतो, त्यात मांजर झोपतं, डाळ वाळत घालतात. हा छतावर चढलाय. डोळे मिटले तर पापणीच्या आतून लाल दिसतो. कूस बदल म्हणशील, तर पायाला हे धोंडे. इथं चोवीस बायका आहेत, त्यांतल्या एकोणीस पाठीवर. आईनं शिकवलेल्या चालीवर ओवीच केली मी त्याच्यावर." आणि बाई कुणाची परवानगी न घेता, हलक्या पण सुरातल्या आवाजात म्हणाल्या:

"ऊन माझा सोयरा । दारातून यावा ।
आढ्याशी का जावा । चोरावाणी ॥"

पलीकडच्या खाटेवरची दादरीकडची बाई काही न समजता हसली. "ताई रोज़ गावे है," ती म्हणाली.

नीरजाच्या मनात आकडे उभे राहिले, आपली बाजू मांडायला आलेल्या साक्षीदारांसारखे. वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास कॉम्प्युटरवर चालवून पाहिले होते. वॉर्डभर जमिनीपासून अडीच फुटांवर चारशे ठिपके पेरले होते, प्रत्येक ठिपक्यावर तासातासाला किती उजेड पडतो ते रंगांत उमटायचं, आणि सगळा वॉर्ड पिकल्या आंब्यासारखा केशरी आला तेव्हा पुष्करनं ऑफिसात जिलबी वाटली होती. अडीच फूट म्हणजे टेबलाची उंची. नियमच तसा आहे, जगभर तसाच आहे, उजेड टेबलावर मोजतात. आणि मग तिला एकदम काहीतरी दिसलं, आणि ते दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येईना. अडीच फूट ही खाटेचीही उंची. ते चारशे ठिपके छताकडं तोंड करून उताणेच पडलेले होते, या बायकांसारखे. फक्त त्यांना डोळे नव्हते. त्यांच्या अंगावर किती ऊन पडतं ते तिनं मोजलं, त्यांना काय दिसतं ते विचारलंच नाही.

पंधरा नंबरची खाट रिकामी होती, ताज्या चादरीची. नीरजानं बूट काढले.

"सिस्टर, इसके ऊपर वाले दो उतार दीजिए."

ओमवती स्टुलावर चढली. टेप सुटल्याचा आवाज आला, कणा आणि गुडघा खाली आले, आणि नीरजा पाठीवर आडवी झाली.

आधी नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्याला कडा आल्या आणि कडा थरथरायला लागल्या, कारण खाली कडुनिंबाची पानं हलत होती आणि त्यांची हालचाल फळीवरून उसळून छतावर नाचत होती. डोळ्यांत पाणी आलं. तिनं नजर भिंतीकडं नेली, तर भिंतीवर हिरवा गोळा आधीच जाऊन बसलेला. डोळे मिटले, आणि बाई म्हणाल्या तसं पापणीच्या आत लाल, जास्वंदीचं, आपलंच रक्त. माणसं उंच दिसत होती. ओमवतीची हनुवटी, तिच्या नाकपुड्या. कुणी बोललं की आवाज डोक्याच्या मागून यायचा आणि कोण बोललं ते कळायला वेळ लागायचा. उभ्या माणसाला खोलीला चार भिंती असतात. आडव्याला एकच असते, वरची, आणि ती कितीही वेळ बघितली तरी संपत नाही. दोन मिनिटं झाली असतील. तिचा हात आपोआप वर आला, गळ्यातल्या ओढणीचं टोक शोधलं, आणि ओढणी डोळ्यांवर घेतली.

आणि ती तशीच राहिली. कारण तो हात तिचा नव्हता, आईचा होता.

हे ती भाषणात कधी सांगत नसे. कुणालाच सांगितलं नव्हतं, लग्न झालं त्या माणसालाही नाही आणि ते मोडलं तेव्हा सल्ला द्यायला आलेल्या मावशीलाही नाही. शाळा सुटल्यावर सरोजिनी नगरहून बस पकडून, घामानं निथळत, डबा घेऊन ती वॉर्डात यायची, आणि ती स्टुलावर बसली की आई पदर घ्यायची आणि डोळ्यांवर ओढायची. रोज. एकवीसच्या एकवीस दिवस. बोलायची, पदराखालून बोलायची, डब्यात काय आहे विचारायची, पण चेहरा झाकलेला. सोळा वर्षांच्या मुलीनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. त्या वर्षी तिचं आणि आईचं पटत नव्हतं. केस कापले होते तिनं, आईला न विचारता. आईला आपलं तोंड बघायचं नाहीये. एवढंच, यापेक्षा जास्त शब्द त्या विचाराला कधी फुटले नाहीत, पण तो तिच्याबरोबर वाढला, दारातल्या तुळशीआड वाढणाऱ्या पिंपळासारखा, कुणी न लावता, भिंतीच्या फटीत. पुढं आईशी ती छान वागली. बाबा गेल्यावर तिला मयूर विहारला आपल्याकडे घेऊन आली. औषधं वेळेवर, पाडव्याला नवी साडी. पण आईच्या समोर बसून बोलताना ती नेहमी काहीतरी हातात घ्यायची, भाजी निवडायची, फोन बघायची, म्हणजे दोघींनी एकमेकींकडं बघितलंच पाहिजे असं नाही.

आडव्या आडव्याच तिनं फोन काढला आणि आईला लावला.

"काय गं," नीलाताईंचा आवाज. मागं टीव्हीवर कुठलासा बुवा भविष्य सांगत होता. "आज परीक्षा ना तुझी? झाली पण?"

"व्हायचीय. आई, तो आवाज कमी कर. एक विचारू? तू ॲडमिट होतीस ना, मी अकरावीत होते तेव्हा. मी आले की तू डोळ्यांवर पदर घ्यायचीस."

"घ्यायचे." टीव्ही बंद झाला.

"का?"

"का म्हणजे? ट्यूब होती ना नेमकी माझ्या डोक्यावर. दिवसरात्र चालू. फडफडायची मेली. मी त्या आयाला म्हटलं बंद कर, तर म्हणाली इसका बटनही नहीं है." नीलाताई हसल्या. "आत्ता कुठून आठवलं तुला?"

"पण मी आल्यावरच का? आधी उघडे असायचे तुझे डोळे. मी दारातून बघायचे."

"अगं, एकटी असताना कसे झाकणार? सलाइन संपली तर बघायला कोण होतं? त्या बाटलीकडं डोळे लावून बसायचे दिवसभर, तिच्याच शेजारी ती ट्यूब. मग तुझ्या चपला वाजल्या की म्हणायचे, चला, पोर आली. आता झाकले तरी चालतील." थोडी थांबून त्या म्हणाल्या, "तासभर काय तो माझा आराम तेवढाच होता. तुला काय वाटलं होतं?"

छतावरचा डाग पंधरा नंबरवरून सरकायला लागला होता. नीरजाला त्याची कड दिसत होती, पाण्याच्या काठासारखी.

"वाटलं होतं काहीतरी," ती म्हणाली. "घरी येऊन सांगते. समोर बसून."

"समोर बसून सांग, बाजूला बसून सांग. येताना कोथिंबीर आण."

ती उठून बसली तेव्हा पुष्कर दारात उभा होता, हातात फाइल, मागं हाउसकीपिंगची दोन माणसं. आपल्या भागीदारणीला पेशंटच्या खाटेवर अनवाणी बसलेलं पाहून त्यानं भुवया वर केल्या. "बरं नाहीये का?"

"आडवा हो."

"काय?"

"बूट काढ आणि इथं आडवा हो. नऊ वीस झालेत, दहा मिनिटं उरलीत. लवकर. ही खाट नाही, सोळा नंबर."

सोळा नंबरची बाई फिरायला जिन्यापर्यंत गेली होती. पुष्करनं एकदा ओमवतीकडं पाहिलं, तिनं मान हलवली, कुमुदिनीबाई छताकडं बघत म्हणाल्या, "हो रे, लाजू नकोस," आणि पाच फूट अकरा इंचांचा पुष्कर टाय पोटावर धरून आडवा झाला. ओमवतीनं त्याच्या वरच्या काचेतली जबड्याची फिल्म काढली. मिनिटभर त्यानं डोळे बारीक करून छताकडं पाहिलं. मग म्हणाला, "गॉगल देता येतील पेशंटला. ब्रँडिंग करून." कुणी हसलं नाही. आणखी मिनिटभरानं, वेगळ्या आवाजात, "तिन्ही बिल्डिंगला हीच खिडकी आहे."

"आहे."

"मुलांच्या हॉस्पिटललासुद्धा."

"तिथं तर खाटा आणखी जवळ आहेत."

तो उठला, डोळे चोळले, आणि तिला वॉर्डाच्या टोकाला घेऊन गेला. पुष्कर वाईट माणूस नव्हता. आवाज खाली आणून तो जे म्हणाला ते शहाणपणाचंच होतं. "ऐक. साडेनऊनंतर ऊन जातं. आत्ता फिल्म काढल्या तर या बायकांना कणभर त्रास नाही. तनेजा साडेदहाला येणार, मोजणार, जाणार. रेटिंग घे. संध्याकाळी फिल्म परत लावू, पुढच्या महिन्यात फळीचा पत्रा बदलू, पुढच्या तीन बिल्डिंगला खिडकी गुपचूप सुधारू. कुणाचं काय बिघडलं?"

"रेटिंग मिळाल्यावर कमिटी खिडकी बदलू देईल?"

दोघांनाही ती कमिटी माहीत होती. शिक्का बसलेल्या गोष्टीचा स्क्रूसुद्धा ते हलवू देत नसत. नमुना म्हणजे नमुना. शिवाय आज कागदावर आलं की ही खिडकी बरोबर आहे, तर उद्या आणखी कुणी कानपुरात, नागपुरात तिची नक्कल करेल, कारण नीरजाची खिडकी म्हणून ती छापून आलीच होती. नक्कल करणाऱ्याकडं एक्स-रे चिकटवणारी ओमवती असेलच असं नाही.

"आणि नाही मिळालं तर?" पुष्कर म्हणाला. "तीन बिल्डिंग हातातून जातील. सरळ."

"जातील कदाचित." आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं तिलाच नवल वाटलं. खूप वर्षं एका पायावर उभं राहून दुसरा पाय टेकवल्यावर जसं वाटतं तसं वाटत होतं. तिला खिडकी दिसायला लागली होती, नवी. फळी तशीच, पत्रा जाईल, पांढरा खडबडीत रंग येईल, छताला उतार मिळेल आणि काचेवर ओढायला एक दोरी, जी खाटेवरून हाताला लागेल. आडव्या माणसाच्या हाताला. "चूक माझी आहे ना, मग मीच सांगते. दुसऱ्यानं दाखवली की तो गुन्हा होतो, आपण सांगितली की काम होतं. आणि तीन बिल्डिंग त्यांनी मला दिल्या तर मला चांगली खिडकी काढता येते, हे त्यांना कळू दे. हे मला येतं, पुष्कर. सगळ्यात चांगलं हेच येतं."

"अहंकार बघा," पुष्कर म्हणाला. पण हाउसकीपिंगच्या माणसांना त्यानं हातानंच परत पाठवलं.

ओमवतीनं काढलेल्या फिल्म पुन्हा चिकटवल्या. पंधरा नंबरच्या वर आता कण्याच्या जागी गठ्ठ्यातला एक हात आला, लहानसा, बाईमाणसाचा असावा.

तनेजा पावणेअकराला आले. साठीचे, शांत, गळ्यात उजेड मोजायचं यंत्र चष्म्यासारखं अडकवलेलं. दारातच त्यांनी काचा पाहिल्या, सिस्टरच्या टेबलावर यंत्र ठेवलं, आकडा बघितला आणि चष्मा कपाळावर नेला. "एक सौ चालीस," ते जवळजवळ दिलगिरीनं म्हणाले. "मैडम, ये तो हटवा लीजिए. सब हटवा लेते हैं. मैं नीचे एक चाय पीकर आता हूँ."

"चाय ज़रूर पीजिए," नीरजा म्हणाली. "पर ये यहीं रहेंगे. ये डिज़ाइन की गलती है, मेरी. सुबह सवा सात से साढ़े नौ, लेटे हुए मरीज की आँख में. मैं लिखकर दूँगी, और इलाज भी लिखकर दूँगी."

"दो पॉइंट जाएँगे. फिर टॉप रेटिंग नहीं बनती."

"जी. मालूम है."

तनेजांनी तिच्याकडं पाहिलं, मग पुष्करकडं. पुष्करनं फाइल छातीशी धरून मान डोलावली, घरातला थोरला जसा न पटलेल्या लग्नाला होकार देतो तशी. तनेजांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तक्त्यातल्या चौकटीवर टेकवली.

तेवढ्यात ट्रॉली आत आली. नवी पेशंट, तिशीची, गच्चीवरून पडलेली, कंबर जखडलेली. चौघींनी मिळून चादरीसकट तिला उचललं आणि पंधरा नंबरवर अलगद ठेवलं. दुखणं ओठांत दाबून ती क्षणभर डोळे गच्च मिटून राहिली. मग उघडले. वरती करडा, निवलेला उजेड होता आणि त्यात पाच बोटं.

"बहनजी," तिनं शेजारी उभ्या असलेल्या नीरजाला विचारलं, "ये हाथ किसका है?"

"पता नहीं," नीरजा म्हणाली. "जुड़ गया होगा. तभी तो फोटो छोड़कर घर चली गई."

ती बाई त्या हाताकडं बघत राहिली. नीरजा मागं वळली, तर तनेजा अजून थांबलेलेच होते, पेन्सिलचं टोक कागदावर, आकडा अर्धा लिहिलेला.

"पेन से लिखिए," ती म्हणाली.